आधी न, मग वेलांटी

२८ ऑक्टोबर २०१९, सोमवार. पाडवा

यंदा पाऊस दिवाळीतही जायचं नाव घेत नाही. गिरगावात पोचेपर्यंत साडीचा काठ चिखलाने भरला. मेट्रोच्या पत्र्यांमुळे ठाकूरद्वारच्या नाक्यावर चालायला धड वाट उरलेली नाही. वर गेले, तर दादाने अण्णांना पाडव्याचा म्हणून नवा फोन आणलेला. मोठ्या स्क्रीनचा. जुन्या बटणांच्या फोनवर अण्णा फक्त बोलायचे. आता त्यांना लिहायचं आहे.

काय लिहायचं, तेही त्यांनी ठरवून ठेवलंय. निर्णयसागर छापखान्याला यंदा दीडशे वर्षं झाली. जावजी दादाजींनी १८६९ साली काळबादेवीच्या कोलभाट लेनमध्ये तो काढला, आणि इथून हाकेच्या अंतरावर घडलेल्या या गोष्टीबद्दल पेपरात वाचकाचं पत्र तरी यावं, अशी अण्णांची इच्छा आहे. त्यांचं स्वतःचं आयुष्य गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवण्यात गेलं. आजवर ते पोस्टकार्डावर पत्रं लिहून पाठवत. आता त्यांच्या पेपराने सूचना छापली आहे : पत्र युनिकोडमध्ये टाइप करून मेलने पाठवावे.

भाच्याने फोन हातात घेऊन पटापट सगळं लावून दिलं. इंग्रजी अक्षरांत शब्द लिहायचा, तो मराठीत उमटतो. अण्णांनी थोडा वेळ पाहिलं. ‘ठाकूरद्वार’ लिहायला टी, एच, ए असं करत बोट फिरवलं. ‘ठ’साठी टीएच आणि ‘थ’सुद्धा टीएच, हे कळल्यावर फोन खाली ठेवला. म्हणाले, “मला ठ माहीत आहे. त्याचं इंग्रजी स्पेलिंग कशाला शोधू?”

भाचा म्हणाला, “आजोबा, सवय होईल.” होईलही. पण अण्णा सातवीपर्यंत शिकले, इंग्रजी पाटीपुरती वाचतात. ज्या माणसाने हजारो मराठी पानं बोटांनी जुळवली, त्याने मराठीतलं एक पत्र लिहायला इंग्रजीच्या दारातून यावं, हे मला पटत नाही. मी म्हटलं, “अण्णा, दुसरा कीबोर्ड टाकता येतो. फोन तोच. केस बदलायची.” केस म्हणजे खिळ्यांची, खणाखणांची लाकडी पेटी. हे त्यांना लगेच कळलं.

२९ ऑक्टोबर, मंगळवार. भाऊबीज

दादा लालबागला येऊन गेला. ओवाळणी झाल्यावर मी त्याला फोनच्या कीबोर्डचं विचारत बसले, तर म्हणाला, “आहे तो वापरायचा ना, बदलता कशाला?” बहुतेक सगळे हेच म्हणतात. फोनबरोबर जो कीबोर्ड येतो तो घराच्या भिंतीसारखा कायमचा, अशी समजूत असते. तो एक साधं ॲप असतो आणि इतर कुठल्याही ॲपसारखा बदलता येतो, हेच माहीत नसतं.

मी स्वतः फोनवर रोमनमधूनच मराठी लिहिते. ही सवय कुठून लागली ते आठवून पाहिलं. पूर्वी एसएमएस पैसे मोजून जायचा. रोमन अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसत, देवनागरीत लिहिलं तर ७० च. त्यातही समोरच्याच्या फोनवर नुसत्या चौकोनी डब्या उमटायच्या. मग ‘kashi aahes’ हेच ‘कशी आहेस’ झालं आणि फोन सुधारले तरी बोटं तिथेच राहिली.

त्याच्याही आधी माझ्या बोटांना दुसरं वळण होतं. बारावीनंतर दादरला मराठी टंकलेखनाच्या क्लासला जायचे. ३० शब्दांची परीक्षा, मग ४० ची. मशिन गोदरेजचं. गोदरेजांचा कुलपांचा पहिला कारखाना १८९७ साली याच लालबागेत निघाला, आणि १९५५ साली त्यांच्याच कंपनीने भारतात बनलेला पहिला टाइपरायटर बाजारात आणला. त्या मशिनच्या मराठी कळा अजून बोटांत आहेत की नाहीत, रात्री टेबलावर बोटं ठेवून पाहिलं. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला ऱ्हस्व वेलांटी अजून आठवते.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

परळच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एकेक ॲप उतरवून पाहिलं. नावं पुष्कळ आहेत. जीबोर्ड, स्विफ्टकी, इंडिक कीबोर्ड, स्वरचक्र, शिवाय ‘मराठी कीबोर्ड’ एवढंच नाव असलेले अनेक. पण नावांच्या मागे मराठी लिहायच्या पद्धती मोजक्याच आहेत. रोमनमधून लिहिणं, स्क्रीनवर बोटाने अक्षर गिरवणं, तोंडाने सांगणं, आणि थेट देवनागरी बटणं. जीबोर्डमध्ये भाषा म्हणून मराठी निवडली की यातल्या मांडण्या समोर येतात आणि त्यातली हवी ती टिचकी मारून घ्यायची असते. समोर दिसते ती पहिली मांडणी घेऊन लोक पुढे जातात. खरी निवड त्या पानावर आहे, ॲपच्या नावात नाही.

देवनागरी बटणांतसुद्धा दोन विचार दिसले, आणि माझी सगळी सुट्टी त्यातच गेली.

पहिला इन्स्क्रिप्टचा. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ही मांडणी आणली आणि १९९१ मध्ये ती आयएस १३१९४ या भारतीय मानकात आली. संगणकाच्या कीबोर्डावर डाव्या हाताकडे स्वर आणि काना-मात्रा, उजवीकडे बहुतेक व्यंजनं. मधल्या ओळीत प, र, क, त, च, ट असे सतत लागणारे वर्ण. क च्याच कळीवर शिफ्ट दाबून ख, ग च्या कळीवर घ. भारतातल्या बहुतेक लिप्यांना हीच मांडणी चालते, म्हणजे मराठी शिकलेलं बोट बंगालीतही क जागच्या जागी दाबेल. दोन हातांनी टाइप करणाऱ्यासाठी इतकी विचारपूर्वक केलेली मांडणी दुसरी नाही, असं माझं मत झालं. पण फोनच्या रुंदीत एका ओळीत दहा-अकरा बटणं कोंबली की प्रत्येक बटण नखाएवढं होतं. अण्णांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय.

दुसरा स्वरचक्राचा. पवईच्या आयआयटीत, तिथल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात, प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला. जोशी यांनी २००४ मध्येच ‘कीलेख’ नावाचा एक कीबोर्ड मांडला होता, त्यात व्यंजनं शाळेतल्या तक्त्याच्या क्रमाने होती. स्वरचक्रातही तेच : क ख ग घ ङ, खाली च छ ज झ ञ, खाली ट ठ ड ढ ण. बटणावर बोट ठेवलं की त्याच्याभोवती चक्र उमलतं आणि त्यात का, कि, की, कु, कू अशी त्या अक्षराची बाराखडी फिरून येते. बोट न उचलता हव्या त्या बाजूला सरकवायचं आणि सोडायचं. पाय मोडायचा असेल तर तोही चक्रातच. तसं केलं की पुढच्या अक्षराशी होणारी जोडाक्षरं बटणांवरच दिसू लागतात.

डबा तसाच राहिला. संध्याकाळी ट्रेनमध्ये उभ्याने ‘लालबाग’ आणि ‘चिंचपोकळी’ लिहून पाहिलं. ‘पो’साठी बोट कुठल्या बाजूला सरकवायचं ते दुसऱ्यांदा पाहावं लागलं नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार

अर्धा दिवस घेऊन गिरगावात गेले. फोनमध्ये स्वरचक्र उतरवलं. उतरवून भागत नाही. सेटिंगमध्ये ‘भाषा आणि इनपुट’ या भागात जाऊन नवा कीबोर्ड चालू करावा लागतो, आणि मग तोच नेहमीचा म्हणून निवडावा लागतो. या दोन पायऱ्या वेगळ्या आहेत. पुष्कळ लोक पहिलीनंतर थांबतात आणि ॲप चालत नाही म्हणून काढून टाकतात.

पहिल्या पायरीवर फोनने इशारा दिला : तुम्ही जे जे टाइप कराल ते सगळं, पासवर्ड आणि कार्डाचे नंबरसुद्धा, हा कीबोर्ड गोळा करू शकेल. अण्णांनी तो मोठ्याने वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, “प्रूफ छापखान्याबाहेर जाऊ द्यायचं नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी सांगायचे. इथे कोण बाहेर नेतंय?”

प्रश्न अगदी बरोबर होता आणि तो टाळून ‘ओके’ दाबणं मला जमलं नाही. हा इशारा अँड्रॉइड प्रत्येक बाहेरच्या कीबोर्डाला देतो, चांगल्यालाही आणि वाईटालाही. त्यामुळे त्यावरून पारख होत नाही. पारख दुसरीकडे करायची. ॲपला कोणकोणत्या परवानग्या लागतात ते प्ले स्टोअरच्या पानावर खाली लिहिलेलं असतं. अक्षरं उमटवायला संपर्कयादी लागत नाही, ठिकाण लागत नाही. इंटरनेट लागत असेल तर ते कशाला, हे विचारायचं. बोलून लिहिण्यासाठी किंवा स्टिकरसाठी असेल तर समजू शकतं. नुसत्या बटणांना नेट लागायचं कारण नाही.

मी अण्णांना एआय.टाइपची गोष्ट सांगितली. या नावाच्या कीबोर्डाचा विदासाठा २०१७ च्या डिसेंबरात उघड्यावर सापडला. ३ कोटी १० लाख लोकांची माहिती, सर्व्हरला साधा पासवर्डही नाही. त्यात नावं, फोन नंबर, लोकांच्या संपर्कयाद्यासुद्धा होत्या. पत्र लिहायला घेतलेल्या ॲपने शेजाऱ्यापाजाऱ्यांचे नंबर बाहेर नेले, हे ऐकून वहिनीने स्वयंपाकघरातून येऊन आपला फोन माझ्यापुढे ठेवला. तिच्या फोनवर फुलांच्या नक्षीचा एक कीबोर्ड होता, कधी आला तिला आठवत नाही. त्याला संपर्क, मायक्रोफोन, ठिकाण, सगळं खुलं. काढून टाकला.

ज्या ॲपची घडण सर्वांसाठी खुली असते, त्याच्यावर माझा जास्त भरवसा आहे. इंडिक कीबोर्ड त्या जातीचा, केरळमधल्या ‘स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग’ या गटाच्या लोकांनी सुरू केलेला, त्यात मराठीही आहे. तो दुसरा म्हणून ठेवला. बँकेचे पासवर्ड मात्र फोनबरोबर आलेल्या इंग्रजी कीबोर्डवरूनच टाकायचे, असं अण्णांना सांगितलं. खाली कोपऱ्यात कीबोर्डचं छोटं चिन्ह दिसतं, ते दाबून बदलता येतो. भाच्याने विचारलं, मग यूपीआयचा पिन? त्यासाठी आकड्यांचा वेगळा तक्ता पैशाच्या ॲपमध्ये आपोआप येतो, आपला कीबोर्ड तिथे येतच नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

रात्री गिरगावातच राहिले. सकाळी चहा झाल्यावर अण्णा खिडकीशी बसले, फोन पाटावर आडवा ठेवला आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने सुरुवात केली. पहिला शब्द ‘निर्णयसागर’.

बोट थांबलं. ते तक्त्यात काहीतरी शोधत होते. न समोरच होता, तरी शोधत होते. मग म्हणाले, “वेलांटी कुठे आहे?”

मला एकदम उलगडा झाला, कारण तीच गोष्ट माझ्या बोटांतही आहे. खिळे जुळवताना ‘नि’मधली वेलांटी आधी उचलायची, कारण ती डावीकडे उभी राहते. मग न. टाइपरायटरवरही तसंच, आधी वेलांटी, मग न. पान जसं दिसतं त्या क्रमाने हात चालायचा. ‘र्ण’चंही तसंच. ण बसला की मग वर रफार. मुंबईच्या छापखान्यांतली अण्णांची जुळणी तर तीन मजली : मधे अक्षर, वर मात्रा आणि रफार, खाली उकार. युनिकोडमध्ये हे सगळं उच्चाराच्या क्रमाने चालतं. आधी न, मग वेलांटी. आधी र, त्याचा पाय मोडायचा, मग ण. वेलांटी डावीकडे नेऊन ठेवणं आणि रफार ण च्या डोक्यावर चढवणं ही कामं फोनमधला फॉन्ट करतो.

हे मी अण्णांना असंच सांगितलं. “जसं दिसतं तसं नाही. जसं म्हणता तसं दाबायचं.” त्यांनी ‘निर्णय’ हा शब्द हळूहळू दोनदा उच्चारला. न वर बोट ठेवलं, चक्र उमललं, त्यात ‘नि’ आयती दिसली. बोट तिकडे नेऊन उचललं. र वर ठेवलं, पाय मोडला. मग सगळी बटणं बदलून रफारांची झाली, त्यात र्ण दिसला. अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. म्हणाले, “म्हणजे रफार खालून वर जातो.”

इन्स्क्रिप्टवर किंवा जीबोर्डच्या देवनागरी तक्त्यावरही क्रम हाच आहे. पण तिथे वेलांटी स्वतंत्र बटण म्हणून दिसते आणि जुन्या हाताला ती आधी दाबायचा मोह होतो. स्वरचक्रात वेलांटी एकटी भेटतच नाही, न च्या पोटातूनच निघते. चुकायला जागा राहत नाही. हे कुणी त्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेलं नसेल, तरी अण्णांसाठी हाच कीबोर्ड, हे माझ्यापुरतं तिथे नक्की झालं.

अण्णांची तक्रार वेगळी निघाली. क्रमाबद्दल. “हा शाळेचा क्रम आहे. केसमध्ये असं नसायचं. जे अक्षर जास्त लागतं त्याचा खण मोठा आणि हाताशी. ङ आणि झ कोपऱ्यात. इथे ङ ला आणि र ला सारखीच जागा.” छापखान्याचा विचार असा की हाताने कमीत कमी फिरावं. तक्त्याचा विचार असा की डोळ्याला शोधावं लागू नये. दिवसभर जुळणी करणाऱ्याला पहिला हवा. आठवड्याला एक पत्र लिहिणाऱ्याला दुसरा पुरतो. अण्णांनी यावर हो किंवा नाही म्हटलं नाही, पुढचा शब्द लिहायला घेतला.

दुपारपर्यंत दोन वाक्यं झाली. वहिनीने जेवायला दोनदा हाक मारली.

६ नोव्हेंबर, बुधवार

ऑफिसात अण्णांचा पहिला मजकूर आला. त्यांनी वाडीचा पत्ता लिहून पाठवला होता, फक्त ‘दुसऱ्या’ मधल्या ऱ्य च्या जागी र्य आला होता, डोक्यावर रफार घेऊन. खाली लिहिलं होतं : हे बरोबर दिसत नाही, रविवारी ये.

१० नोव्हेंबर, रविवार

आजचा सगळा दिवस ‘ऱ्य’चा.

मराठीत हा अर्धा र जागोजागी लागतो. दुसऱ्या, तिसऱ्या, कोपऱ्यात, वऱ्हाड, तऱ्हा, नोकऱ्या. चाळीत राहणाऱ्याला त्याच्याशिवाय स्वतःचा मजलाही लिहिता येत नाही. आणि तो साध्या र ने होत नाही. साध्या र चा पाय मोडून पुढे य दिला की रफार होऊन तो वर चढतो : सूर्य, कार्य, आचार्य. त्यामुळे स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांचे आचार्य होतात. युनिकोडमध्ये यासाठी खाली टिंब असलेला वेगळा ऱ आहे, त्याचा पाय मोडून य किंवा ह लावायचा. इन्स्क्रिप्टमध्ये तो र च्याच कळीवर शिफ्ट दाबून मिळतो. फोनवर बऱ्याच कीबोर्डांत र दाबून धरावा लागतो किंवा चिन्हांच्या दुसऱ्या पानावर जावं लागतं. आम्हालाही थोडं शोधावं लागलं, मग सापडला.

मी आता कुठलाही मराठी कीबोर्ड पारखताना आधी हेच पाहीन. ऱ्य आणि ऱ्ह सहज निघतात का? ळ पहिल्या पानावर आहे का? परळ, काळाचौकी, काळबादेवी, चिंचपोकळी. या शहरात ळ शिवाय पत्ता पुरा होत नाही. ‘वाङ्मय’ लिहिता येतं का? आणि ॲ. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र ठेवून काम भागवत. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात, पण यंत्राच्या दृष्टीने ती वेगळी अक्षरं आहेत, आणि एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर हाती लागेलच असं नाही. ऱ्य चेही असे दोन प्रकार फिरताना दिसतात. ज्याला आपला मजकूर टिकायला आणि सापडायला हवा आहे त्याने याकडे लक्ष द्यावं.

जेवणानंतर अण्णांनी चष्मा लावून ‘सागर’ आणि ‘कोलभाट लेन’ निरखलं. म्हणाले, “हा ल आपला नाही.” खरंच नव्हता. उभ्या दांड्याचा, हिंदीत वापरतात तसा होता. मराठीचा पाकळ्यांचा ल आणि देठाचा श वेगळा, राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात वर्णमाला ठरवून दिली तेव्हा हीच रूपं घेतली. पण कीबोर्ड फक्त ‘ल’ एवढंच सांगतो, तो कसा काढायचा हे फॉन्टच्या हातात. कीबोर्ड बदलून ल बदलणार नाही. फोनची भाषा मराठी केली तर काही ठिकाणी बदलेल, काही ठिकाणी नाही, असं मी सांगितलं.

“मग ही अक्षरं पाडली कोणी?” अण्णांचा पुढचा प्रश्न. खिळ्यांच्या काळात हा प्रश्न विचारला जायचा आणि त्याला माणसाचं नाव हे उत्तर असायचं. जावजी दादाजी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅमच्या हाताखाली कामाला लागले, तिथे खिळे पाडण्याची कला त्यांनी पाहिली. पुढे निर्णयसागरसाठी राणोजी रावजी आरू यांनी जी अक्षरं कोरली, त्यांच्यामुळे तिथले संस्कृत ग्रंथ डोळ्याला सुखाचे झाले. मी अण्णांना आजची नावं सांगितली. विंडोज २००० बरोबर जो ‘मंगल’ फॉन्ट घरोघर पोचला तो मुंबईच्या र. कृ. जोशींनी घडवला. ‘मुक्ता’ हा फॉन्ट मुंबईच्याच ‘एक टाइप’ या मंडळींचा, आणि तो कोणालाही फुकट वापरता येतो. अण्णांनी दोन्ही नावं एका चिठ्ठीवर लिहून ठेवली, हाताने.

१३ नोव्हेंबर, बुधवार

वहिनीचा फोन. तिचं काम वेगळं आहे. ती डब्यांच्या ऑर्डरी घेते, हात पिठाचे असतात, तिला बोलून लिहायचंय. तिच्यासाठी जीबोर्डच बरा : बोललेली मराठी समजतो, चुकलं तर खालच्या देवनागरी बटणांनी दुरुस्त करता येतं. त्यात स्वतःचा शब्दकोश असतो, ‘कोंबडीवडे’, ‘घावणे’, ‘सोलकढी’ असे तिचे शब्द घातले की सूचनांच्या पट्टीत ते येतील. बटणांची उंचीही वाढवता येते. मात्र बोललेलं समजून घ्यायला पुष्कळदा आवाज नेटवरून बाहेर जातो, हे तिला आधी सांगायचं आणि मग तिने ठरवायचं.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीला स्वरचक्र दाखवलं. तिला नाही आवडलं, तिचं बोट रोमनमध्ये इतकं वेगाने धावतं की चक्राची वाट पाहायला ती तयार नाही. रोमनमधून लिहिणाऱ्यांना नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. पण त्या मार्गाने लिहिताना दर शब्दाला यंत्राने दिलेल्या चार पर्यायांतून एक निवडावा लागतो, आणि निवडता निवडता ऱ्हस्व-दीर्घ त्याच्या मर्जीवर सोडलं जातं. माझं स्वतःचं शुद्धलेखन गेल्या काही वर्षांत ढिलं झालं ते यामुळेच, असं मला वाटतं. या आठवड्यापासून मीही देवनागरी बटणांवर आले आहे. इन्स्क्रिप्ट घेतलं, दोन्ही अंगठ्यांनी. वेग निम्म्यावर आलाय आणि तो परत मिळवायला वेळ लागेल. तेवढा वेळ मी देणार आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार

पत्र पुरं झालं. अण्णांनी ते आधी फोनवर वाचलं, मग म्हणाले, “कागदावर काढून आण. स्क्रीनवर प्रूफ वाचता येत नाही.” ठाकूरद्वारच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलं. त्यांनी लाल पेन घेतलं, समासात जुन्या खुणा केल्या. एका ठिकाणी अनुस्वार राहिला होता, एका ठिकाणी दोन शब्दांमधे जागा जास्त होती. ती जास्तीची जागा मला छापलेल्या कागदावरसुद्धा दिसली नव्हती. दुरुस्त्या त्यांनी स्वतःच फोनवर केल्या. अक्षराच्या मधे बोट टेकवून कर्सर आणणं हे त्यांना अजून अवघड जातं. जोडाक्षर पुसताना एकदम सगळं जात नाही, आधी य जातो, मग मोडलेला पाय, मग ऱ. हे मात्र त्यांना आवडलं. खिळे सोडवतानाही एकेकच सुटायचा, म्हणाले.

मजकूर पेपराने दिलेल्या मर्यादेपेक्षा लांब होता. निर्णयसागरच्या ‘काव्यमाला’ या ग्रंथमालेबद्दलचा परिच्छेद कापावा लागला. आरूंचं नाव कापायला ते तयार झाले नाहीत, त्याऐवजी स्वतःबद्दलचं वाक्य काढलं. मी भांडून पाहिलं, उपयोग झाला नाही. रात्री जेवणं झाल्यावर मेल पाठवला, खाली ‘ठाकूरद्वार, मुंबई’, आणि ‘दुसऱ्या मजल्यावर’ असा पुरा पत्ता, बिनचूक.

आता ते गिरगावातल्या छापखान्यांची यादी करायची म्हणतायत. ठाकूरद्वारचा कर्नाटक, खटाववाडीतला मौज, आणि नावही न उरलेले लहान लहान, गल्लीबोळांतले. कुठे होते, कोणता खिळा वापरत, छपाईचं यंत्र ट्रेडल होतं की सिलिंडर. त्यासाठी रोज एक तास लिहीन म्हणाले. दोन-चार वाड्यांतल्या जुन्या जुळाऱ्यांना विचारायला मला बरोबर नेणार आहेत, पुढच्या शनिवारी दुपारी.